पहिल्या ओळीचं विघ्न

आडनावाचा आणि माणसाचा काही संबंध असतोच असं नाही, ह्याचा चालताबोलता पुरावा म्हणजे फणसवाडीतला यतीन धैर्यवान. यतीन भित्रा होता असं म्हणणं म्हणजे चौपाटीचा समुद्र जरा ओलसर आहे असं म्हणण्यासारखं आहे. हॉटेलात गार चहा आला तर तो फुंकर मारून प्यायचा, न जाणो वेटर दुखावला तर? अनोळखी नंबरवरून फोन आला की उचलायचा नाही, आणि उचलला नाही म्हणून दिवसभर घाबरायचा. बायको ऋग्वेदा म्हणायची, "ह्याला कुणी 'सावकाश जा' म्हटलं तरी हा विचारतो, का, पुढे काय झालंय?"

असा माणूस जगात एकाच ठिकाणी निर्धास्त होता. ते ठिकाण म्हणजे लिनक्स.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. लिनक्स म्हणजे संगणक चालवणारी एक व्यवस्था, आणि तिच्या दुनियेत काही माणसं प्रोग्राम लिहितात आणि फुकट वाटून टाकतात. का, ते विचारू नका. वाडीनेही पुढे विचारलंच. लिहिणारा लिहून मोकळा होतो. पण तो प्रोग्राम जगातल्या कुठल्याही संगणकावर एका हुकमासरशी बसायला हवा, तर कुणाला तरी तो नीट बांधून ठेवावा लागतो: आत काय आहे, कुणी केलंय, कशाच्या आधाराने चालतं, वापरायच्या अटी काय, अशा सगळ्या चिठ्ठ्या लावून. अमेरिकेतल्या मुलीला दिवाळीचा फराळ पाठवताना चकलीचा चुरा होऊ नये म्हणून घरोघरी बांधाबांध चालते ना, अगदी तसं. चकली करणारी सुगरण म्हणून मिरवते. डबा बांधणाऱ्याचं नाव कुणाला आठवत नाही. यतीनला नेमकं हेच आवडायचं. 'हेरॉन' नावाच्या लिनक्सच्या एका शाखेसाठी तो वर्षानुवर्षं मराठीचे डबे एकट्याने बांधत होता, आणि एकट्याने म्हणजे कुणाशी एक शब्दही न बोलता.

त्यातला एक डबा म्हणजे 'वाणी'. मराठी मजकूर दिला की हा प्रोग्राम तो मोठ्याने वाचून दाखवतो. जगात तो किती जण वापरत होते कोण जाणे, पण फणसवाडीत एक जण वापरत होतं आणि त्याची खबर सगळ्या वाडीला होती. तळमजल्यावरच्या सुमती विजयकर, म्हणजे विजयकर बाई. शाळेत बाईंनी वाडीतल्या दोन पिढ्यांचे कान पिळले. आता काचबिंदूने त्यांची नजर गेली होती, पिळण्याची ताकद शाबूत होती. यतीनने आपला जुना संगणक त्यांच्याकडे नेऊन त्यावर 'वाणी' बसवून दिली होती. रोज सकाळी सहाच्या ठोक्याला त्या खोलीतून वर्तमानपत्र बोलू लागायचं, आणि बाईंना ऐकू कमी येत असल्यामुळे वरचे तीन मजलेही बातम्यांसकट जागे व्हायचे.

तर एका शनिवारी ब्रिगिटचं पत्र आलं.

ब्रिगिट ही हेरॉनच्या नव्या आवृत्तीची राखणदार. राहते जर्मनीत. यतीनने तिला कधी पाहिलेलं नव्हतं, पण तिच्या पत्रात 'प्रिय' नसतं आणि शेवटी 'आपली' नसतं, एवढ्यावरून त्याने तिची उंची, चष्मा आणि छडी मनातल्या मनात नक्की केली होती. तिने लिहिलं होतं: एकट्या माणसाच्या भरवशावर कुठल्याही भाषेचे डबे ह्यापुढे ठेवले जाणार नाहीत. माणसं अचानक गायब होतात. निदान तिघांची तुकडी हवी, आणि प्रत्येकाने काहीतरी काम स्वतःच्या नावाने केलेलं दिसायला हवं. महिनाअखेरच्या रविवारी दार बंद होईल. तोवर तुकडी नसेल तर मराठीचे डबे काढून टाकण्यात येतील.

'माणसं अचानक गायब होतात' हे वाक्य वाचून यतीनने आधी स्वतःची नाडी पाहिली.

बाईंना सांगणं भाग होतं. तो खाली गेला, दारात उभा राहिला आणि घसा खाकरला.

"यतीन ना?" बाई म्हणाल्या. "खाकरण्यातच तुझी माफी असते. काय केलंस?"

त्याने सांगितलं. तिघं मिळाले नाहीत तर 'वाणी' बंद पडेल. आज नाही, पण पुढच्या बदलाच्या वेळी नक्की.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "हरकत नाही," त्या म्हणाल्या. "यंत्र नसलं तर माणूस आहे. रोज सकाळी सहाला येऊन तू वाचायचंस."

यतीनच्या पाचावर धारण बसली. चौथीत बाईंनी त्याला उभं करून धडा वाचायला लावला होता, आणि पहिल्याच ओळीला त्याची जी बोबडी वळली ती घंटा होईपर्यंत सरळ झाली नव्हती. आणि आता रोज! तेही मोठ्याने, वरच्या तीन मजल्यांना ऐकू जाईल अशा बेताने!

तो निघाला तेव्हा बाई पाठीमागून जरा हळू म्हणाल्या, "बातम्यांचं काही नाही रे. सकाळी घरात कुणीतरी बोलतंय, एवढंच बरं वाटतं."

हे वाक्य ऐकलंच नसतं तर बरं झालं असतं, असं जिना चढताना यतीनला वाटलं. भीती एकवेळ परवडते. तिच्या जोडीला जबाबदारी आली की माणूस दोन्हीकडून भरडला जातो.

"मग विचार ना लोकांना," ऋग्वेदा म्हणाली.

"कुणाला?"

"अख्खी वाडी आहे."

"आणि नाही म्हणाले तर?"

"तर नाही म्हणतील."

"आणि हो म्हणाले तर?"

ऋग्वेदाने भाजीत मीठ जरा जोरातच टाकलं.

शेवटी तो दीपक घाडीकडे गेला. दीपक म्हणजे वाडीच्या गणेशोत्सव मंडळाचा कार्याध्यक्ष. आजोबा गिरणीत, वडील गिरणीत, आणि गिरण्या गेल्यावर दीपक कुरिअर कंपनीत. पण त्याची खरी नोकरी मंडळ. यतीनने त्याला लिनक्स समजावायला घेतलं. दोन मिनिटांत दीपकने हात वर केला.

"मला एवढाच सांग, पैसे भेटतत?"

"नाही."

"मग लोकांक काय भेटता?"

"काही नाही. काम करायचं, फुकट द्यायचं, आणि चुकलं तर शिव्या खायच्या."

"म्हणजे मंडळच की रे!" दीपकचा चेहरा उजळला. "यत्या, तू टेन्शन घेव नको. किती जण हवेत?"

"तीन. पण विचारायचं कसं? मला मागायला—"

"खुळा की काय! स्वयंसेवक मागायचे नसतात. मागितले की माणूस कारण सांगतो. स्वयंसेवक जाहीर करायचे असतात."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीच्या तोंडाशी असलेल्या मंडळाच्या फळ्यावर रंगीत खडूंनी झळकलं: 'हेरॉन लिनक्स मराठी सेवा मंडळ, फणसवाडी.' खाली वीसेक नावं. त्यांतल्या एकालाही विचारलेलं नव्हतं. ही वाडीची जुनी रीत. फळ्यावर नाव लागल्यावर ते पुसायला सांगणं म्हणजे चारचौघांत आपण कामचुकार असल्याचं कबूल करणं, आणि तेवढी हिंमत गिरगावात अजून कुणाची झालेली नाही. दुपारपर्यंत दोघांनी यतीनला गाठलं. नाव का लागलं हे विचारायला नाही, तर आपलं नाव तिसऱ्या ओळीत का, हे विचारायला.

मग पदं आली. अध्यक्ष झाले तिसऱ्या मजल्यावरचे मनमोहन कोठारे, कारण वयाने मोठे आणि सरकारी कचेरीत हयात गेलेली. कार्याध्यक्ष दीपक. चिटणीस दर्शना, ही दीपकची बायको. मंडळाकडे एक पैसा नव्हता आणि येण्याची शक्यता नव्हती, तरी खजिनदार निवडला गेला, आणि त्याच्यावर विश्वास नको म्हणून हिशेब तपासनीसही. यतीनचं नाव फळ्यावर सगळ्यात खाली, 'तांत्रिक साहाय्य'. त्याला हायसं वाटलं. लाऊडस्पीकरवाल्याचं नाव नेहमी तिथेच असतं.

गच्चीवरून, जिन्यातून, नळावरून सल्ले सुरू झाले. कुणी म्हणालं, फुकट आहे तर नक्की ह्यात काहीतरी गोम आहे, पोलिसांना आधीच एक अर्ज देऊन ठेव. कुणी म्हणालं, माझ्या साडूच्या मुलाच्या संगणकात असंच फुकट काहीतरी शिरलं आणि त्यातून एका रशियन बाईचा फोटो अजून निघालेला नाही. प्रत्येक सल्ल्यागणिक यतीनच्या काळजीच्या खात्यात जमा वाढत होती, आणि खर्ची टाकायला काहीच नव्हतं.

बसायला जागा हवी म्हणून बाईंच्या खोलीच्या वरचं वाडीचं सभागृह मागावं लागलं. तिथल्या कारभारी नलूताई. त्यांच्यापुढे छापील अर्ज होता आणि अर्जात कार्यक्रमाचे प्रकार ठरलेले: लग्न, मुंज, बारसं, सत्यनारायण, शोकसभा.

"ह्यातलं तुमचं कुठलं?" नलूताईंनी विचारलं.

"ह्यातलं नाही. आम्ही संगणकावर..."

"ह्यातलंच घ्यावं लागतं. बारसं लिहू?"

"नको नको. बारशाला बाळ..."

"मग शोकसभा टाकते. तिला डिपॉझिट नाही आणि ती रद्दही होत नाही."

यतीनने मान डोलावली. नाही म्हणायचं म्हणजे बोलावं लागलं असतं. नलूताईंनी सभागृहाच्या दारावरच्या पाटीवर खडूने नियमाप्रमाणे प्रकार आणि अर्जदार लिहिले: 'शोकसभा. यतीन धैर्यवान.'

पुढचं सांगायला नको, पण सांगितलंच पाहिजे. दादरहून ऋग्वेदाच्या मावशी पांढरी साडी नेसून आल्या, जिन्यात यतीन भेटला, आणि दोघांनीही एकाच वेळी किंकाळी फोडली. यतीनच्या ऑफिसातल्या साहेबांनी दोन मिनिटं शांतता पाळल्याचं नंतर कळलं. त्याच्या रजेच्या अर्जाचं काय करायचं ह्यावर मात्र त्यांचं अजून ठरत नव्हतं. सगळ्यात वाईट म्हणजे पाटी वाचून यतीनला स्वतःलाच क्षणभर वाटून गेलं की आपल्याला कुणी कळवायचं राहिलं असेल.

अशा शुभ वातावरणात महिनाअखेरच्या रविवारी सकाळी काम सुरू झालं. दार संध्याकाळी बंद होणार होतं. लॅपटॉप मांडले गेले. दुसऱ्या मजल्यावरची मेघना एका विमा कंपनीत प्रोग्राम तपासायचं काम करायची; तिने आपल्या फोनवरून सगळ्यांना इंटरनेट दिलं, आणि वर एक सोय केली.

"यतीनदादा, कुणी कुठल्याही फाइलीत काही बदललं की वाडीच्या ग्रुपवर आपोआप मेसेज येईल. कुणी केलं, काय केलं, सगळं. मस्त ना?"

"वाडीच्या... म्हणजे सगळ्या वाडीच्या?"

"हो! पारदर्शक कारभार!"

यतीनच्या पोटात खड्डा पडला. पण का पडला ते त्याला अजून ठाऊक नव्हतं. भित्र्या माणसाच्या पोटाला पुष्कळदा आधी कळतं.

दीपकने नारळ आणला. वीसेक लॅपटॉपांच्या मधोमध नारळ फोडायचा म्हणाला, तेव्हा यतीनने जन्मात पहिल्यांदा कुणाला अडवलं. म्हणजे नारळावर आडवा झाला. नारळ पायरीवर फोडला गेला. प्रत्येकाला एकेक फाइल मिळाली: कुणाला वापरायच्या अटींची, कुणाला वर्णनाची, कुणाला शब्दांच्या उच्चारांची, कुणाला आजवर झालेल्या बदलांच्या नोंदीची. आणि खरं सांगायचं तर काम उत्तम चाललं. मनमोहनकाकांनी अटींची फाइल अशी चाळली की ती लिहिणाऱ्या परदेशी वकिलाला घाम फुटला असता. दर्शनाने मासळीच्या नावांचे उच्चार एकटीने ठाकठीक केले. त्याआधी 'वाणी' बोंबलाला जे काही म्हणत होती ते कोळणीसमोर म्हणायची सोय नव्हती. जेवायच्या सुमाराला सगळ्यांनी आपापलं काम पाठवलं, एकमेकांचं अभिनंदन केलं आणि वाडी जेवून आडवी व्हायला गेली.

यतीन आणि मेघना मागे राहिले. आता डबा बांधायचा, म्हणजे सगळ्या फाइली एकत्र करून यंत्राला एक हुकूम द्यायचा. यतीनने दिला.

पडद्यावर लाल ओळी आल्या. मग आणखी लाल ओळी. पहिल्या फाइलीची पहिली ओळ कळत नाही. दुसऱ्या फाइलीची पहिली ओळ कळत नाही. तिसऱ्या फाइलीची...

यतीनने फाइल उघडली. पहिल्या ओळीत डब्याचं नाव असायला हवं होतं. तिथे, मधोमध, दोन्ही बाजूंना दंड देऊन, लिहिलेलं होतं:

॥ श्री ॥

दुसरी उघडली. ॥ श्री ॥. तिसरी उघडली. तिथे तर 'श्री गजानन प्रसन्न', ही मनमोहनकाकांची. वीसच्या वीस फाइली. चूक म्हणावी तर कुणाची? कोरा कागद पुढे आला की आधी वर 'श्री' काढायचा आणि मग पेन टेकवायचं, हे हाताला इतकं ठाऊक की डोक्याला विचारायची पद्धत नाही. लग्नाची यादी असो, वाण्याची यादी असो, परीक्षेचा पेपर असो. आता लिनक्स.

"एवढंच ना?" मेघना म्हणाली. "डिलीट मारा."

यतीनचं बोट डिलीटच्या कळीवर गेलं. आणि थांबलं.

तो काही देवभोळा नव्हता. संकष्टीला त्याने खुशाल ऑम्लेट खाल्लेलं होतं. पण खाणं वेगळं, आणि लिहिलेला 'श्री' स्वतःच्या हाताने पुसणं वेगळं. एक पुसणं वेगळं, आणि ओळीने वीस पुसणं आणखीच वेगळं. त्यातून शोकसभेची पाटी दारावर अजून तशीच होती. आणि मग त्याला तो खड्डा का पडला होता ते कळलं. कळ दाबताक्षणी वाडीतल्या प्रत्येक फोनवर मेसेज जाणार होता: यतीन धैर्यवान यांनी 'श्री' काढून टाकला. वीस वेळा.

"तू मार," तो मेघनाला म्हणाला.

मेघनाने बोट पुढे केलं आणि तेवढ्याच वेगाने मागे घेतलं. "माझी पुढच्या महिन्यात प्रमोशनची मुलाखत आहे दादा."

"दुसरा उपाय आहे," यतीन घाईघाईने म्हणाला. "ओळीच्या आधी ही # अशी जाळीची खूण टाकली, की यंत्र ती ओळ वाचतच नाही. ओळ जागेवर राहते."

त्याने एका फाइलीत ती खूण टाकली. फोन वाजला. फोन वाजले. तीन मिनिटांत दीपक लुंगीवर सभागृहात हजर.

"यत्या, ह्या काय? देवासमोर गज ठोकलंस? बाप्पाक कोठडीत घातलंस?"

"अरे ती खूण आहे नुसती..."

"गज दिसतत ते! ग्रुपवर बघ काय चाललाहा. खजिनदार राजीनामा देता म्हणता!"

मागोमाग मनमोहनकाका आले, मग दर्शना, मग उरलेलं मंडळ. सगळ्यांनी लाल ओळी पाहिल्या. सगळ्यांना प्रश्न समजला. आणि प्रश्न समजल्यावर प्रत्येकजण आपापल्या फाइलीपासून एक पाऊल मागे सरकला.

"ज्याने लिहिला त्याने काढावा," यतीन चाचरत म्हणाला.

"मी शासकीय सेवेत छत्तीस वर्षं काढली," मनमोहनकाका म्हणाले, "लिहिलेलं काही खोडायचं असेल तर वरिष्ठांची सही लागते. इथे वरिष्ठ कोण, ते वर लिहिलेलंच आहे. घ्या सही."

उन्हं कलली. खिडकीतून तळमजल्याचा आवाज येत होता; 'वाणी' बाईंना दुपारचं काहीतरी वाचून दाखवत होती. आज दार बंद झालं की ती खोली एक ना एक दिवस मुकी होणार होती. यतीनला ती मुकी खोली दिसली आणि तिच्यात सकाळी सहाला वर्तमानपत्र घेऊन उभा असलेला तो स्वतःही दिसला. दोन्ही दृश्यांतलं कोणतं जास्त भयंकर, हे त्याला ठरवता येईना. तो उठला आणि खाली गेला.

ह्या वेळी खाकरायलाही त्याला सुचलं नाही. त्याने भडाभडा सगळं सांगितलं. बाईंनी यंत्र बंद केलं. मग हसल्या. बाई हसल्याचं यतीनने आजवर पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे तो दाराकडे सरकला.

"गाढवांनो," बाई म्हणाल्या. "दरवर्षी गणपती आणता. दहा दिवस ठेवता. मग काय करता? कायमचा घरी ठेवून घेता?"

"नाही बाई."

"का नाही? भीती नाही वाटत पाण्यात सोडताना?"

"नाही, म्हणजे... उत्तरपूजा करून..."

"मग? आपल्याकडे देव येतो, काम सुरू करून देतो, आणि जातो. त्याला पुसत नाहीत, पोचवतात. हात धर माझा. वर चल."

बाईंना सभागृहात आणून खुर्चीवर बसवलं तेव्हा मंडळ आपोआप ओळीत उभं राहिलं; कुणी सांगितलं नव्हतं. बाईंनी फर्मान सोडलं. दर्शनाने हळदकुंकू, अक्षता आणि निरांजन आणलं. दीपकने लुंगी सोडून पॅन्ट चढवली. आरती झाली, झांजांसकट, पण एकच, कारण सगळ्यांना इंटरनेट देऊन देऊन मेघनाचा फोन तापला होता. प्रत्येकाने आपापल्या लॅपटॉपवर अक्षता वाहिल्या. ("कळांच्या फटीत नको! कळांच्या फटीत नको!" यतीन ओरडत होता.) मूर्ती हलवतात तसा प्रत्येक लॅपटॉप जागेवरून जरासा हलवला गेला.

"आता?" दीपकने हळूच विचारलं.

"आता ज्याने आणला त्याने पोचवावा," बाई म्हणाल्या. "आणि कुणी एकट्याने नाही. हाताला हात लावा."

मनमोहनकाकांनी बोट कळीवर ठेवलं. त्यांच्या कोपराला दर्शनाने हात लावला, दर्शनाच्या खांद्याला दीपकने, आणि अशी रांग सभागृहाच्या दारापर्यंत, शोकसभेच्या पाटीपर्यंत गेली. रांगेच्या शेवटी यतीन होता. त्याचे हात कापत होते आणि ते कापणं रांगेतून पुढे जात जात काकांच्या बोटापर्यंत पोचलं असावं, कारण कळ दोनदा दाबली गेली.

"गणपती बाप्पा!" दीपक गरजला.

"मोरया!"

"पुढच्या वर्षी—"

"लवकर या!"

आणि मग दुसरी फाइल, तिसरी फाइल. प्रत्येक निरोपाला सगळ्या फोनांवर मेसेज वाजत होता आणि एरवी कटकट वाटणारा तो आवाज आता घंटेसारखा लागत होता. दर्शनाने डोळ्याला पदर लावला. शेवटची ओळ गेली. यतीनने हुकूम दिला. एकही लाल ओळ आली नाही. डबा बांधला गेला, जर्मनीला रवाना झाला, आणि सभागृहात खिरापत वाटली गेली.

दिवेलागणीला ब्रिगिटचं उत्तर आलं. यतीनने उघडायला मेघनाला दिलं, आणि स्वतः खांबामागे उभा राहिला.

"म्हणतेय," मेघनाने वाचलं, "'तुमच्या तुकडीतल्या वीस जणांनी आज सकाळी एकच ओळ घातली आणि संध्याकाळी वीसच्या वीस जणांनी ती काढली, असं मला दिसतं आहे. ही तुकडी कामकाज करण्याच्या स्थितीत आहे का?'"

सगळ्यांच्या नजरा खांबाकडे वळल्या. खांबामागून हळूहळू यतीन बाहेर आला. त्याने लॅपटॉप ओढला. पत्र एरवी तो चारदा लिहायचा. ह्या वेळी वेळच नव्हता. त्याने लिहिलं: 'हो. आमच्याकडे काम असंच सुरू होतं.'

पाठवलं. आणि परत खांबामागे जाऊन उभा राहिला.

उत्तर यायला फार वेळ लागला नाही. 'स्वीकारलं,' ब्रिगिटने लिहिलं होतं. 'बाकी काम चांगलं आहे, विशेषतः मासळी. पण तुम्ही अगदी शेवटच्या क्षणी आलात. पुढच्या वेळी कृपया लवकर या.'

मेघनाने हे शेवटचं वाक्य मराठीत सांगितलं मात्र, सगळ्या मंडळाचे हात आपोआप जोडले गेले. मग दीपक कापऱ्या आवाजात म्हणाला, "बाई आपल्यातली दिसता रे!" आणि मनमोहनकाकांनी सूचना मांडली की ब्रिगिटबाईंचं नाव फळ्यावर 'प्रमुख मार्गदर्शक' म्हणून घ्यावं. ठराव एकमताने मंजूर झाला. ब्रिगिटला विचारायचा प्रश्न नव्हता. रीत ती रीत.

यतीन बाईंना खाली सोडायला गेला. त्याला हलकं हलकं वाटत होतं. 'वाणी' वाचली होती. सकाळी सहाला झोपता येणार होतं.

"चांगलं झालं," बाई दारात म्हणाल्या. "आता तिची ती खोड काढ."

"कुठली खोड बाई?"

"थांबता येत नाही तिला. निधनवार्ता आणि कांद्याचा भाव एका दमात वाचते. काल कुणीतरी गेलं आणि त्याच श्वासात चाळीस रुपये किलो झालं. कुठे थांबायचं ते तिला शिकवायला हवं."

"शिकवता येईल," यतीन उत्साहाने म्हणाला. डब्याच्या गोष्टी निघाल्या की तो सावध राहायचं विसरायचा. "तिला नमुना लागेल. कुणीतरी रोज थोडं थोडं नीट वाचून रेकॉर्ड केलं, तर..."

त्याला उशिरा कळलं.

"सहाला ये," बाई म्हणाल्या. "कुठे थांबायचं ते मी सांगत जाईन."

दुसऱ्या दिवशी सकाळी फणसवाडीला जाग आली ती नेहमीच्याच वेळी, पण नेहमीच्या आवाजाने नाही. आवाज घोगरा होता, ओळीच्या मध्येच अडत होता, आणि 'महानगरपालिका' ह्या शब्दावर तर त्याने दोनदा मागे जाऊन पुन्हा उडी घेतली. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत ब्रश तोंडात धरून दीपक वाकला.

"बाई! मशीन बिघडला काय? आवाज कापताहा!"

खालचं वाचन एकदम थांबलं. मग खिडकीतून बाईंचं उत्तर आलं, शाळेतल्यासारखं ठणठणीत.

"बिघडलेलं नाही. नवीन आहे. रुळेल." आणि मग आत वळून, जरा हळू, "हं. पुढे."